प्रिंटर ड्रायव्हर इन्स्टॉल होत नसेल तर: ऑफिसच्या संगणकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सीताबर्डीहून नवा प्रिंटर आणलेला असो की जुन्या प्रिंटरला नवा संगणक जोडायचा असो, ड्रायव्हरचं इन्स्टॉलेशन शेवटाला येऊन लाल फुली दाखवतं आणि मग बहुतेक ऑफिसांत तोच सेटअप पुन्हा पुन्हा चालवला जातो. त्याने काम सुटत तर नाहीच, अधिक गुंततं. प्रत्येक फसलेला प्रयत्न विंडोजच्या ड्रायव्हर साठ्यात काही फाइली मागे ठेवतो आणि पुढचा सेटअप त्याच फाइलींवर अडखळतो.

प्रिंट निघायची तर चार गोष्टी क्रमाने जमाव्या लागतात. संगणकाला यंत्र दिसलं पाहिजे, स्पूलर, म्हणजे प्रिंट रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची सेवा, चालू हवी, ड्रायव्हरचं पॅकेज विंडोजने स्वीकारलं पाहिजे आणि तो ड्रायव्हर योग्य पोर्टला जोडलेला हवा. प्रिंटर शेअर केलेला असेल तर वर परवानगीचा प्रश्न येतो. समोरचा माणूस "प्रिंट निघूनच नाही राहिली" एवढंच सांगेल. यातली कोणती कडी तुटली आहे हे शोधणं आपलं काम. ते कळल्याशिवाय काहीही काढू नका, काहीही टाकू नका.

सुरुवातीला कागदावर काय लिहून घ्यायचं

प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, मागच्या किंवा खालच्या पट्टीवरून. समोरच्या झाकणावरचं नाव पुरत नाही, कारण शेवटचं एक अक्षर बदललं की ड्रायव्हर बदलू शकतो. मग संगणकावर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन विंडोजची आवृत्ती आणि 'सिस्टिम टाइप' पाहा: ३२ बिट, ६४ बिट की एआरएम (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर). त्यानंतर जोडणी कशी आहे ते: यूएसबी, लॅन, वाय-फाय की दुसऱ्या संगणकावरून शेअर केलेली. आणि चौथी गोष्ट म्हणजे एरर कोड, मोबाइलवर फोटो काढून. विंडोजचे हे कोड 'शून्य एक्स' आणि पुढे शून्यांची रांग असे असतात. कामाची असतात ती शेवटची तीन-चार अक्षरं. पुढे या लेखात कोड त्याच पद्धतीने दिले आहेत.

यूएसबी: केबल कधी लावायची

बहुतेक लेझर प्रिंटरचा सेटअप स्वतःहून सांगतो की आता केबल जोडा. त्याआधी केबल लावली तर विंडोज आपल्या मनाने एखादा जवळपासचा ड्रायव्हर लावून टाकतं किंवा यंत्र 'अनस्पेसिफाइड' म्हणून नोंदवतं. म्हणून सेटअप सुरू करताना केबल काढलेली ठेवा आणि सूचना आली की प्रिंटर चालू करून जोडा.

जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स'खाली 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' ही ओळ आली तर यंत्र दिसतं आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आलं तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. केबल बदला, डेस्कटॉपच्या पुढचं पोर्ट सोडून मागच्या पोर्टला लावा, मधला हब काढा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही. टेबलाच्या मांडणीसाठी दोन केबली जोडून लांबी वाढवलेली असते तिथे हा दोष हमखास सापडतो. दीड-दोन मीटरची एक अखंड केबल घ्या.

पोर्ट बदललं की विंडोज त्याच प्रिंटरला 'कॉपी १' म्हणून नवी नोंद देऊ शकतं. जुनी नोंद यूएसबी००१ वर राहते, यंत्र यूएसबी००२ वर जातं आणि प्रिंट जुन्या नोंदीकडे जाऊन अडकतात. इथे ड्रायव्हर ठीकच असतो. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स इथे जाऊन चालू पोर्टवर खूण करा आणि जास्तीची नोंद काढून टाका.

नागपुरात अजून हजारो टेबलांवर एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी२९०० आहेत. या दोन्ही यंत्रांना प्रिंटची भाषा स्वतःची समजत नाही, पान रचण्याचं काम संगणकावरचा ड्रायव्हरच करतो. त्यामुळे कंपनीचा 'युनिव्हर्सल' ड्रायव्हर किंवा मिळतंजुळतं दुसरं मॉडेल निवडून ते चालत नाहीत. नेमका त्याच मॉडेलचा ड्रायव्हर लागतो. १०२० ची आणखी एक गोष्ट आहे. त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम, वीज गेली की पुसलं जातं आणि चालू केल्यावर संगणकाकडून पुन्हा चढवलं जातं. वीज येऊन गेल्यावर तो दिसतो पण ढिम्म राहतो, ते यामुळेच. संगणक पूर्ण चालू झाल्यावर, केबल लागलेली असताना, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. ड्रायव्हर काढायची गरज नाही.

आणि मे महिन्याच्या दुपारी वीज खालीवर होत असेल तर ड्रायव्हर टाकण्याआधी संगणक यूपीएसवर घ्या. इन्स्टॉलेशनच्या मध्ये संगणक बंद पडला की ड्रायव्हर साठा बिघडतो आणि पुढची सगळी साफसफाई करावी लागते. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नका. फ्युझर (टोनर कागदावर पक्का करणारा तापणारा भाग) तापताना तो एकदम जो भार ओढतो, तो छोट्या यूपीएसला झेपत नाही.

स्पूलर

'लोकल प्रिंट स्पूलर सर्व्हिस इज नॉट रनिंग' असा संदेश किंवा ६बीए हा कोड आला तर दोष स्पूलरचा. विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा आणि 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात जा. आतल्या फाइली पुसा. त्या एसपीएल आणि एसएचडी प्रकारच्या असतात, म्हणजे अडकलेल्या प्रिंट. फोल्डर पुसायचा नाही, फक्त आतलं. शेजारच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरला हात लावायचा नाही. मग स्पूलर 'स्टार्ट' करा आणि 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक आहे ना ते पाहा.

स्पूलर चालू केल्यावर काही सेकंदांत पुन्हा बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा एखादा जुना ड्रायव्हर त्याला पाडतो आहे. मग पुढचा भाग नीट करावा लागेल.

जुना ड्रायव्हर मुळापासून काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. सेटिंग्जमधून प्रिंटर 'रिमूव्ह' केला की फक्त नोंद जाते. ड्रायव्हर आत तसाच राहतो. त्यामुळे 'आम्ही काढून पुन्हा टाकला' म्हणणाऱ्या माणसाने बहुधा तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा जोडलेला असतो. ३ईबी, ७ई आणि ७०३ हे कोड दिसले की संशय याच जागी घ्या. ७०३ चा तर अर्थच असा की हा ड्रायव्हर आधीपासून आहे.

१. प्रिंटरची केबल काढा. सेटिंग्जमध्ये त्या प्रिंटरच्या सगळ्या नोंदी, 'कॉपी १' वगैरे धरून, काढा.

२. 'अ‍ॅप्स'मध्ये त्या कंपनीचं प्रिंटर सॉफ्टवेअर असेल तर ते अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. रीस्टार्ट टाळू नका. वापरात असलेल्या फाइली तेव्हाच सुटतात.

३. विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या रनच्या चौकटीत 'प्रिंटयूआय', एक जागा, 'स्लॅश एस', एक जागा, 'स्लॅश टी२' हे इंग्रजीत टाइप करा. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजचा 'ड्रायव्हर्स' टॅब थेट उघडतो. तुमचा ड्रायव्हर निवडा, 'रिमूव्ह' दाबा आणि 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' हा दुसरा पर्याय घ्या. पहिला पर्याय घेतला तर पॅकेज साठ्यातच राहतं.

४. 'ड्रायव्हर इज इन यूज' असं आलं तर ही खिडकी उघडी ठेवूनच दुसरीकडे स्पूलर रीस्टार्ट करा आणि लगेच, दुसरं काही न उघडता, 'रिमूव्ह' दाबा. स्पूलरने ड्रायव्हर पुन्हा हातात घेण्याआधी तो निघून जातो. एका प्रयत्नात नाही जमलं तर पुन्हा करा. वर्ड, टॅली, ब्राउझर हे सगळं बंद असू द्या. त्यांनीही प्रिंटर धरून ठेवलेला असतो.

५. तरीही निघत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पीएनपीयूटिल' ही कमांड 'एनम-ड्रायव्हर्स' या पर्यायाने चालवा. लांब यादी येते. त्यात 'क्लास नेम' पुढे 'प्रिंटर्स' असलेली आणि कंपनीचं नाव जुळणारी नोंद शोधा. तिचं नाव 'ओईएम', एक आकडा आणि 'डॉट आयएनएफ' असं असेल. त्याच नावावर 'डिलीट-ड्रायव्हर' चालवा. याच यादीत नेटवर्क कार्ड आणि डिस्प्लेचे ड्रायव्हरही असतात, तेव्हा आकडा दोनदा ताडून पाहा.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'प्रिंट मॅनेजमेंट' मिळतं. तिथे 'ऑल ड्रायव्हर्स'मध्ये राइट क्लिक करूनही पॅकेज काढता येतं. ऑफिसात चार-पाच प्रिंटर असतील तर ते जास्त सोयीचं.

नवा ड्रायव्हर टाकताना

फाइल प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. गुगलवर वरच दिसणाऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर' छापाच्या पानांपासून दूर राहा. उजवं बटण दाबून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. ऑफिसच्या साध्या युजर खात्यातून ड्रायव्हर टाकायला गेलात तर शेवटी अ‍ॅक्सेस डिनाइड, म्हणजे कोड ५.

सेटअप चालतच नसेल तर त्याला बाजूला ठेवून थेट आयएनएफ फाइलवरून (ड्रायव्हर कसा बसवायचा हे विंडोजला सांगणारी फाइल) ड्रायव्हर टाकता येतो, आणि अनुभवी हात बहुतेक वेळा हेच करतात. सेटअपची फाइल ७-झिपने उघडून एका साध्या फोल्डरात सोडवा, उदाहरणार्थ सी ड्राइव्हवर 'पीडी' नावाचा. मग प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अ‍ॅड डिव्हाइस, अ‍ॅड मॅन्युअली, लोकल प्रिंटर, पोर्ट निवडा, 'हॅव डिस्क' आणि त्या फोल्डरातली आयएनएफ फाइल.

इथे 'कंपॅटिबल ड्रायव्हर सापडला नाही' असं आलं तर ती आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'मॅन्युफॅक्चरर' हा विभाग शोधा. त्या ओळीत 'एनटीएएमडी६४' असेल तर ड्रायव्हर ६४ बिटचा आहे, 'एनटीएक्स८६' म्हणजे ३२ बिट, 'एनटीएआरएम६४' म्हणजे एआरएम. इंटेलचा प्रोसेसर असला तरी ६४ बिटसाठी 'एएमडी६४' हेच लिहिलेलं असतं, त्याने गोंधळू नका. पण संगणक एआरएमचा असेल आणि ओळीत 'एआरएम६४' नसेल तर तो ड्रायव्हर कसाही टाकला तरी बसणार नाही. अशा लॅपटॉपना विंडोजमध्येच असलेला सर्वसाधारण 'आयपीपी क्लास' ड्रायव्हर चालणारा नेटवर्क प्रिंटर घ्यावा. कुठल्याही कारणाने आयएनएफमध्ये बदल करून सेव्ह करू नका. एक अक्षर बदललं तरी फाइलचा ठसा डिजिटल सहीशी जुळत नाही आणि विंडोज पॅकेज नाकारतं.

सहीबद्दलची तक्रार न बदललेल्या ड्रायव्हरवर आली तर घड्याळाकडे बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की बंद करून चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि त्या तारखेला प्रमाणपत्र वैधच नसतं. सेल बदला, तारीख नीट करा, मग ड्रायव्हर टाका.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' आहे. तो चालू असेल तर कंपनीचे ड्रायव्हर चालत नाहीत, फक्त विंडोजचा स्वतःचा. कुणीतरी सुरक्षेसाठी म्हणून चालू केलेला असतो आणि मग १०२० सारखा प्रिंटर काही केल्या बसत नाही. जुना प्रिंटर चालवायचाच असेल तर हा मोड बंद ठेवावा लागेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने थांबवलं जाईल. म्हणून ऑफिसातल्या प्रत्येक प्रिंटरचा चालणारा ड्रायव्हर आजच एका पेनड्राइव्हवर आणि सर्व्हरवर मॉडेलच्या नावाने ठेवून द्या. जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर अडचणीच्या दिवशी शोधत बसणं फार महागात पडतं. डिसेंबरात अधिवेशन सुरू असताना सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या कार्यालयात तर ते परवडतच नाही.

शेअर केलेला प्रिंटर

धंतोलीतल्या सीए ऑफिसांत किंवा इतवारीतल्या गाद्यांवर एकच यूएसबी प्रिंटर एका संगणकाला लावून बाकीच्या चार जागांवर शेअर केलेला असतो. ही व्यवस्था २०२१ पासून जास्त कटकटीची झाली आहे, आणि त्याला ठोस कारण आहे. त्या वर्षी स्पूलरमध्ये 'प्रिंट नाइटमेअर' नावाने ओळखली जाणारी गंभीर त्रुटी उघड झाली. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ पासून नेटवर्कवरून ड्रायव्हर घेण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सक्तीचा केला आणि सप्टेंबरपासून प्रिंटसाठीच्या संभाषणात कडक पडताळणी आणली.

कोड बीसीबी: समोरच्या संगणकाकडून ड्रायव्हर घ्यायचा आहे पण परवानगी नाही. उपाय सरळ आहे. ज्या संगणकावर अडलं तिथेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन तोच ड्रायव्हर आधी टाका, मग शेअर जोडा. दोन्ही बाजूंची आवृत्ती एक असू द्या.

कोड ११बी: दोन संगणकांचे अपडेट जुळत नाहीत. आधी दोन्ही पूर्ण अपडेट करून रीस्टार्ट करा. इंटरनेटवर यावर रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करायचा उपाय सर्रास सांगतात. त्याने प्रिंट निघते, पण २०२१ मध्ये लावलेलं कुलूपच निघून जातं. पक्षकारांची आणि अशिलांची कागदपत्रं असलेल्या ऑफिसात ते करू नये. त्याऐवजी ही वाट घ्या: अ‍ॅड मॅन्युअली, लोकल प्रिंटर, 'क्रिएट न्यू पोर्ट', प्रकार 'लोकल पोर्ट', आणि पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, मुख्य संगणकाचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, प्रिंटरचं शेअर नाव. शेअर नावात जागा ठेवू नका, 'एचपी१०२०' असं जोडून इंग्रजीत द्या. मग 'हॅव डिस्क'ने ड्रायव्हर द्या. ड्रायव्हर इथलाच असल्याने तो नेटवर्कवरून मागवण्याचा प्रश्नच येत नाही. टोनरची पातळी मात्र या वाटेने दिसेलच असं नाही.

कोड ७०९: नाव चुकलं असेल तरी येतो, तेव्हा आधी नाव तपासा. नाव बरोबर असेल आणि मुख्य संगणक विंडोज १०, इकडचा विंडोज ११ असेल तर कारण वेगळं. विंडोज ११ च्या २२एच२ पासून प्रिंटचं संभाषण 'नेम्ड पाइप्स' ऐवजी 'टीसीपी'वरून होतं. इकडच्या प्रो संगणकावर ग्रुप पॉलिसीत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स, 'कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज' इथे 'आरपीसी ओव्हर नेम्ड पाइप्स' निवडा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे ही तजवीज तात्पुरतीच समजा.

युजरनेम आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा मागत असेल, तर मुख्य संगणकाला पासवर्डच नाही, हे नेहमीचं कारण. पासवर्ड नसलेलं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि २४एच२ च्या प्रो आवृत्तीपासून पाहुण्या खात्याची वाटही बंद आहे. मुख्य संगणकावर फक्त प्रिंटसाठी पासवर्डसह एक साधं खातं करा. बाकीच्या संगणकांवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये, विंडोज क्रेडेन्शियल म्हणून, मुख्य संगणकाचं नाव आणि हे खातं एकदा नोंदवून ठेवा.

लॅन आणि वाय-फायचे प्रिंटर

यूएसबी शेअरपेक्षा लॅनचा प्रिंटर केव्हाही बरा. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत दहा टेबलांसाठी तोच घ्यावा. विंडोज स्वतः शोधतं तेव्हा बऱ्याचदा 'डब्ल्यूएसडी' पोर्ट लावतं आणि काही दिवसांनी प्रिंटर विनाकारण ऑफलाइन दिसू लागतो. पोर्ट्समध्ये 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' नवा करून प्रिंटरचा आयपी पत्ता द्या, प्रोटोकॉल 'रॉ' आणि पोर्ट क्रमांक ९१०० ठेवा. तरी ऑफलाइन दाखवत असेल तर 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस' वरची खूण काढा. पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवा. नवा राउटर लावल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे प्रिंट बंद झाले, तर पत्त्याचा तिसरा आकडा बदलला आहे का हे आधी पाहा.

बिलांचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एप्सनची भाषा बोलत असतील तर विंडोजमधला एप्सनचा ड्रायव्हर चालतो. 'जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर जोडणी तपासायला चांगला, पण त्याने देवनागरी छापता येत नाही.

ड्रायव्हर बसल्यावर

प्रिंटर प्रॉपर्टीजमधून 'प्रिंट टेस्ट पेज' काढा. टेस्ट पेज निघालं आणि टॅलीतून निघत नसेल तर ड्रायव्हर निर्दोष आहे.

टेस्ट पेज निघतं पण वर्डमधून दिलं की प्रिंटर दिवा लुकलुकवत कागद मागतो, हे कागदाच्या आकारामुळे. विंडोजचा 'रीजन' युनायटेड स्टेट्स असेल तर ड्रायव्हर 'लेटर' आकार धरतो आणि ट्रेमध्ये असतो ए४. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड, प्रिंटिंग डिफॉल्ट्स' अशा दोन्ही ठिकाणी ए४ करा. पहिली सेटिंग त्या युजरपुरती असते, दुसरी सगळ्यांसाठी. वकिलांकडे लीगल कागदाची वेगळी नोंद करून ठेवली तर रोजची खटपट वाचते.

मराठी मजकुरात मात्रा सरकतात किंवा जोडाक्षरं तुटतात, पण पडद्यावर आणि पीडीएफमध्ये ठीक दिसतात, तेव्हा ड्रायव्हर फॉन्ट प्रिंटरच्या आत पाठवताना घोळ करतो आहे. एचपीच्या ड्रायव्हरमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' खाली 'सेंड ट्रूटाइप अ‍ॅज बिटमॅप' चालू करा. इतर कंपन्यांत हाच पर्याय 'प्रिंट अ‍ॅज ग्राफिक्स' अशा नावाने असतो. छपाई थोडी हळू होते, अक्षरं मात्र जशीच्या तशी येतात.

एवढं करूनही पॅकेज नाकारलं जात असेल तर विंडोजची नोंदवही उघडा: सी ड्राइव्ह, विंडोज, आयएनएफ फोल्डर, 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग'. शेवटाकडून वर शोधत या. तीन उद्गारचिन्हांनी सुरू होणारी ओळ म्हणजे खरी चूक, एक उद्गारचिन्ह म्हणजे नुसता इशारा. पॅकेज स्वीकारलं गेलं असेल पण प्रिंटर जोडताना अडत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस, अ‍ॅडमिन इथे पाहा. शेजारचा 'ऑपरेशनल' लॉग मुळात बंद असतो. तो राइट क्लिकने चालू करा, प्रयत्न पुन्हा एकदा करा आणि त्या मिनिटाच्या नोंदी जतन करा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करताना मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि या दोन नोंदींच्या फाइली हाताशी ठेवा.